वेदीवरचे फूल, परसातले फूल

देवाला वाहायचे फूल शक्यतो आपल्या हातचे असावे, ही शिकवण बडोद्याच्या जुन्या मराठी घरांना नवी नाही. पहाटे परडी घेऊन तगर, जास्वंद, प्राजक्त गोळा करणाऱ्या आज्या-काकू आपण पाहिल्या आहेत. हीच रीत ख्रिस्ती बांधवांच्या उपासनेतही रुजलेली आहे, हे मात्र आपल्या फारसे ध्यानात येत नाही. आज दोन्हीकडे ती मागे पडत आहे, म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम घेत आहोत.

मंगळूरच्या कॅथॉलिक समाजात ८ सप्टेंबरला मरियामातेच्या जन्माचा सण, म्हणजे मोंती फेस्त, साजरा होतो. त्याआधी नऊ दिवस मुले घरची-रानची फुले घेऊन चर्चमध्ये जातात व बाल मरियेला वाहतात. गोव्यात २४ जूनला सांजांवच्या दिवशी फुलापानांचे ‘कोपेल’ डोक्यावर घालून लोक विहिरींत उड्या घेतात. पावसाने जे फुलवले, त्याचाच हा शृंगार!

मुंबईला जाताना गाडी ज्या वसईवरून जाते, तिथली गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. तेथील मराठीभाषी ख्रिस्ती बागाईतदार पिढ्यान्‌पिढ्या सोनचाफा, मोगरा पिकवतात. ती फुले दादरच्या बाजारात जातात आणि तेथून कितीतरी हिंदू देवघरांत पोचतात. फुलाला धर्म विचारण्याची आवश्यकता तेथे कोणालाच वाटलेली नाही.

कॅथॉलिक चर्चचे नियमही या बाबतीत विचार करण्याजोगे आहेत. सजावट संयत असावी, फुले वेदीवर न ठेवता वेदीभोवती ठेवावीत, आणि ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळात, काही मोजके दिवस सोडून, वेदी फुलांनी सजवूच नये, असे ते सांगतात. वर्षातून काही आठवडे वेदी उघडी राहते, म्हणूनच ईस्टरच्या फुलांना अर्थ येतो. बारमाही मिळणाऱ्या शोभेला हा अर्थ कोठून येणार?

असे असताना लग्न-समारंभांत दिसते काय? हिरव्या स्पंजासारख्या ठोकळ्यात खोचलेली दूरदेशीची फुले, त्यांवर चकचकीत प्लॅस्टिक, जोडीला कापडी गुच्छ. हा ठोकळा १९५४ साली अमेरिकेत निघाला. तो फिनॉल व फॉर्माल्डिहाइडपासून बनतो; म्हणजे तेही प्लॅस्टिकच. त्याचा चुरा होतो, पण तो कुजून माती होत नाही. सकाळी प्रार्थनेत सृष्टिकर्त्याचे आभार मानायचे आणि संध्याकाळी त्याच्याच मातीत हा चुरा टाकायचा, हे कसे जुळावे? आणि थर्मोकोलच्या मखरात गणपती बसवलेल्या आपण तरी इतरांकडे बोट कोणत्या तोंडाने दाखवावे?

विकत फुले घेऊच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. तसे झाले तर वसईच्या बागाईतदाराचे आणि आमच्या खंडेराव मार्केटातील फुलवालीचे पोट कशावर चालावे? जवळच्या शेतातले, ऋतूचे फूल पानात बांधून घेतले, तर ते घरच्या फुलाचेच भावंड. टाळायचे ते ठोकळे, प्लॅस्टिक आणि बिनऋतूचा डामडौल.

रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि त्यांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग व कीर्तन आणले. मराठी वाचक त्यांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणूनच ओळखतो. उपासनेला इथल्या मातीतली भाषा शोभली, तर इथल्या मातीतले फूल का शोभू नये?

करायचे ते अवघड नाही. चर्चच्या आवारात एक वाफा असावा. दर रविवारी एकेका कुटुंबाने आपल्या घरची फुले आणावीत. ती पितळी तांब्यात किंवा ओल्या वाळूत उभी करावीत. सुकली की खड्ड्यात घालून त्यांचे खत त्याच वाफ्याला द्यावे. देवळांनी व आपल्या देवघरांनीही हेच करावे. वाडे जाऊन सदनिका आल्या, तरी गॅलरीत तुळशीशेजारी मोगऱ्याची एक कुंडी खचित मावते.

तीन महिने पाणी घालून आलेली मोगऱ्याची चार फुले मुलाने स्वतःच्या हाताने वाहिली, तर देणे म्हणजे काय ते त्याला वेगळे शिकवावे लागणार नाही.