विश्लेषण : व्हिटॅमिन डीची ६० हजारांची गोळी आठवड्याला एकच का? कोणत्या औषधांसोबत ती जपून घ्यावी?

अंगदुखी, थकवा, केस गळणे… तपासणीत ‘डी कमी’ निघते आणि घरात ६० हजार युनिटची कॅप्सूल किंवा सॅशे येते. कोर्स संपल्यावरही अनेकजण जुनी चिठ्ठी दाखवून ती पुन्हा सुरू करतात. ‘व्हिटॅमिनच तर आहे’ हा समज मात्र महागात पडू शकतो.

आठवड्याला एकच का?

आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांची रोजची गरज ६०० युनिट आहे. म्हणजे एका गोळीत १०० दिवसांची गरज भागते. जास्तीचे ‘सी’ लघवीवाटे निघून जाते. ‘डी’ शरीरातल्या चरबीत साठते. हीच गोळी चुकून रोज घेतली, तर आठवड्यात ४ लाख २० हजार युनिट पोटात जातात. असे चालू राहिले तर रक्तातील कॅल्शियम वाढते. मळमळ, बद्धकोष्ठता, सतत तहान, वारंवार लघवी, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे. मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते.

कोणत्या औषधांशी जमत नाही?

- बीपीच्या काही गोळ्या : हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन लघवीतून जाणारे कॅल्शियम रोखतात. सोबत ‘डी’ आणि कॅल्शियमच्या गोळ्या असतील तर धोका वाढतो.
- डिगॉक्सिन : कॅल्शियम वाढल्यास हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात.
- फिट्सवरील फेनिटॉइन, टीबीवरील रिफॅम्पिसिन : यांच्यामुळे यकृतात ‘डी’ लवकर मोडते. त्यामुळे डोस अपुरा पडू शकतो.
- वजन घटवणारे ऑर्लिस्टॅट : चरबीसोबत ‘डी’चे शोषणही कमी होते.

कोणत्या आजारांत सावधगिरी?

सारकॉइडोसिस आणि काही वेळा टीबीमध्ये आजाराच्या गाठींतील पेशी स्वतःच सक्रिय ‘डी’ तयार करतात. त्यात बाहेरून भर पडली की कॅल्शियम चढते. मुतखडा किंवा पॅराथायरॉइडचा विकार असणाऱ्यांनीही डॉक्टरांना आधी सांगावे. ‘डी’ सक्रिय होण्याचा शेवटचा टप्पा मूत्रपिंडात घडतो. त्यामुळे किडनीच्या रुग्णांना अनेकदा वेगळे औषध, म्हणजे कॅल्सिट्रिऑल, द्यावे लागते.

मग काय करावे?

अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने २०२४ मध्ये निरोगी प्रौढांची सरसकट ‘डी’ तपासणी करू नये, असे सुचवले. याचा अर्थ कमतरता असलेल्यांनी औषध टाळावे असा नाही. गोळी रोजची की आठवड्याची, किती आठवडे घ्यायची हे चिठ्ठीवर लिहून घ्यावे आणि सुरू असलेली सगळी औषधे डॉक्टरांना दाखवावीत. कोर्स संपला की गोळीही थांबवावी.