जन्माची घुरघुर आणि माथेरानची हवा

मुलाचा श्वास घुरघुरूं लागला कीं त्यास हवापालटास माथेरानीं न्यावें, ही आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांची जुनी रीत. ती अगदींच निराधार नव्हे. सुमारें ८०० मीटर उंचीवरील त्या झाडींत मोटारींस मज्जाव आहे. धुरानें त्रासलेल्या फुप्फुसांस तेथें विसावा मिळतो. परंतु श्वासनलिकेलाच बाहेरून वेढा पडला असेल, तर कोणतीही हवा तो सोडवूं शकत नाहीं.

हा वेढा रक्तवाहिनीचा असतो. गर्भावस्थेच्या आरंभीं हृदयांतून निघणाऱ्या महाधमनीला उजवी व डावी अशा दोन कमानी असतात. पुढें उजवी लोप पावते. क्वचित् दोन्ही राहतात, आणि त्यांचें कडें श्वासनलिका व अन्ननलिका यांस आवळतें.

अशा मुलाची घुरघुर बहुधा तान्हेपणापासूनच असते आणि दूध पितांना वाढते. मूल मान मागें टाकून निजतें. भाताचे घांस सुरू होतांच त्यास ठसका लागतो. दम्याच्या औषधानें उतार पडत नाहीं. ही लक्षणें प्रथम आईच्या वा आजीच्या नजरेस येतात. त्यांनीं तीं डॉक्टरांस स्पष्ट सांगावीं. माथेरानच्या तांबड्या धुळीस बोल लावून स्वस्थ बसूं नये.

बेरियम पाजून काढलेल्या क्ष-किरण चित्रांत अन्ननलिकेवरील दाब दिसतो. शिरेंतून औषध देऊन केलेल्या सी. टी. तपासणींत सबंध कडें उमगतें. हृदयांत दुसरें व्यंग आहे काय, हेंही पाहून घेतात.

१९४५ सालीं बोस्टन येथें डॉ. रॉबर्ट ग्रॉस यांनीं असें कडें प्रथम तोडलें. दोहोंपैकीं लहान कमान, बहुधा डावी, बांधून कापतात. मोठींतून रक्त वाहतच राहतें. त्यासाठीं हृदय सहसा थांबवावें लागत नाहीं. मात्र दाबाखालीं श्वासनलिका मऊ पडलेली असल्यामुळें शस्त्रक्रियेनंतरही कांहीं महिने घुरघुर राहूं शकते. तेवढ्यानें धीर सोडूं नये.

माथेरानीं अवश्य जावें. पण जन्मापासून घुरघुरणाऱ्या मुलाची आधीं तपासणी करवावी. डोंगरावर असतांना त्याचा श्वास अडकला किंवा ओंठ निळे पडले, तर क्षणभरही थांबूं नये. रुग्णवाहिकेस तेथेंही बंदी नाहीं.