स्टेंट बसला, आता चालायचं कुठे?

अटॅक येऊन गेलेल्या माणसाला कॉटवर बसवून ठेवायचं, पाण्याचा ग्लाससुद्धा हातात आणून द्यायचा, जिना उतरू द्यायचा नाही. आपल्या वस्त्यांमध्ये ही माया समजली जाते. घरच्यांचा जीव घाबरलेला असतो, ते आम्हाला कळतं. पण या मायेने माणूस दिवसेंदिवस कमजोर होतो, हे आता स्पष्ट बोललं पाहिजे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे आपल्या लोकांना कर्ज न काढता स्टेंट बसू लागला, ही मोठीच गोष्ट. मात्र स्टेंट एका जागेची रक्तवाहिनी उघडी ठेवतो, एवढंच. बीपी, शुगर, तंबाखू जिथल्या तिथे राहतात. यापुढच्या उपचाराला कार्डियाक रिहॅबिलिटेशन म्हणतात. त्यात गोळ्या आणि आहार येतो, तसाच देखरेखीखाली हळूहळू वाढवत नेलेला व्यायामही येतो. मोठ्या खाजगी हॉस्पिटलांत त्यासाठी ट्रेडमिल लावलेला वेगळा विभाग असतो. आम्ही वस्तीत जे डिस्चार्जचे कागद पाहतो, त्यांवर पाच-सात गोळ्यांची नावं, पुढची तारीख आणि एक शब्द असतो: ‘रेस्ट’. किती दिवस, ते लिहिलेलं नसतं. मग तो शब्द वर्षभर पाळला जातो.

एके काळी डॉक्टरही हेच सांगत. अटॅकनंतर कित्येक आठवडे पलंगावरून उठू देत नसत. १९५२ साली अमेरिकेतल्या लेव्हिन आणि लाऊन या डॉक्टरांनी असे रुग्ण लवकर खुर्चीत बसवले, तेव्हा तेही धाडस वाटलं होतं. आज गुंतागुंत नसेल तर एक-दोन दिवसांत वॉर्डात चालवतात. २०२१ च्या कॉक्रेन आढाव्यात ८५ चाचण्या आणि २३ हजारांवर हृदयरुग्ण एकत्र तपासले गेले. व्यायामाचा कार्यक्रम केलेल्यांना पुन्हा अटॅक येण्याचं आणि हॉस्पिटलात भरती व्हावं लागण्याचं प्रमाण कमी निघालं. व्यायामाने ब्लॉकेज निघून जातं, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. होतं असं की पायांचे स्नायू रक्तातला प्राणवायू नीट वापरायला शिकतात, आणि तेवढंच काम हृदयाला कमी ठोक्यांत करता येतं.

‘आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला कसला व्यायाम?’ हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो, आणि तो रास्त आहे. पण गोणी उचलताना, भरलेला हंडा घेऊन जिना चढताना माणूस श्वास रोखून जोर लावतो. बीपी एकदम चढतं. विसावा कधी घ्यायचा, ते मुकादम ठरवतो. उपचाराचा व्यायाम वेगळा: एका लयीत, श्वास मोकळा ठेवून, हवं तेव्हा थांबता येईल असा. ओझं वाहिलं म्हणजे हृदयाचा व्यायाम झाला, असं धरू नये. आणि बायांचं काय सांगावं! पुरुषाला कॉटवर बसवतात, बाई मात्र आठ-दहा दिवसांत चार घरची धुणीभांडी करायला निघते. तिच्या वाट्याला आराम नाही आणि चालणंही नाही. वर सांगितलेल्या चाचण्यांतही बाया थोड्याच होत्या.

सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करायची. बसल्या जागी छातीत दुखत असेल, पाय सुजून वजन वाढत असेल, झडप अरुंद असेल, तर त्यांनी हो म्हणेपर्यंत थांबावं. बाकीच्यांनी सपाट जागेवर पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोनदा चालावं. दर आठवड्याला दोन-चार मिनिटं वाढवत अर्ध्या तासापर्यंत जावं, आठवड्यातले पाच दिवस. पहिली आणि शेवटची पाच मिनिटं संथ चालायचं. एकदम थांबलं तर रक्त पायांत साठून चक्कर येते. वेग किती? चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका. नाडी मोजून उपयोग नाही, कारण मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या नाडीचे ठोके वाढूच देत नाहीत. जेवल्याजेवल्या चालू नये. छातीत आवळल्यासारखं झालं, दरदरून घाम फुटला तर तिथेच बसावं, डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली ठेवावी. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८ ला फोन करावा.

हे सगळं खरं, पण चालायचं कुठे? चार फुटांची गल्ली, मधून गटार, वरून मोटारसायकली. बाग असली तरी लांब, आणि दुपारी तिला कुलूप. आमचं मत असं की संध्याकाळी वंदनेआधी विहाराचा हॉल अर्धा तास या लोकांसाठी मोकळा ठेवावा. वस्तीतल्या एखाद्या नर्सताईने बीपी बघावं. सहा मिनिटांत कोण किती मीटर चाललं, ते महिन्यातून एकदा वहीत लिहावं. हॉस्पिटलातही हीच चाचणी करतात, फक्त ३० मीटरच्या व्हरांड्यात.

मात्र विहाराने केलं म्हणून महापालिका सुटत नाही. स्टेंटवर सरकार हजारो रुपये खर्च करतं, मग आठवड्यातून दोन दिवस एक फिजिओथेरपिस्ट द्यायला हात का आखडतो? ट्रेडमिल नसली तरी चालेल. व्हरांडा प्रत्येक दवाखान्यात आहे. खुर्च्या आणि बीपीचं मशीनही आहे. वॉर्ड ऑफिसला द्यायच्या निवेदनांत पाणी आणि गटाराबरोबर हीसुद्धा मागणी लिहायला हवी.

तोवर पुढच्या ओपीडीला जाताना डिस्चार्जचा कागद बरोबर न्या. किती मिनिटं चालू, जिना चढू का, कामावर कधी जाऊ, किती वजन उचलू, हे चार प्रश्न विचारा. गर्दीत डॉक्टर मान वर करत नाहीत, तरी हलू नका. उत्तर त्याच कागदावर, ‘रेस्ट’च्या खाली, लिहून घ्या.