आधी आवाज ऐका, मग पाकीट काढा

ऐन पावसाळ्यात गाडीची काच अर्ध्यावर अडकली की घरात दोनच उपाय सुचतात. प्लास्टिक चिकटवा, नाहीतर गॅरेजला फोन लावा. बिघाड नेमका कुठे आहे ते आपणच बघूया, असं कुणी म्हणत नाही. खांदेश्वर स्टेशनपासून खांदा कॉलनीपर्यंत चालत जा, दोन्ही बाजूंना गाड्याच गाड्या. त्यातल्या कितीतरी घरांत इंजिनीअरिंग नाहीतर सायन्स शिकणारं कुणी ना कुणी असेलच. पेपरात मोटरची आकृती झकास काढणाऱ्या आपल्याला दारातली मोटर मात्र माहीत नसते. विचित्रच आहे ना?

खरं तर पॉवर विंडोत भाग मोजकेच. फ्यूज, स्विच, वायर, मोटर आणि काच वर-खाली नेणारा रेग्युलेटर, ज्याला गॅरेजमध्ये नुसतं 'मशीन' म्हणतात. यातलं काय बिघडलं, हे बरंचसं दार न उघडता कळतं.

ड्रायव्हरची काच चालते, बाकीच्या तिन्ही ढिम्म? मग आधी विंडो लॉकचं बटण बघा, चुकून दाबलं गेलेलं असतं. चारही बंद असतील तर फ्यूज तपासा आणि बदलायचा झाला तर तितक्याच अँपिअरचा घाला. मागची काच ड्रायव्हरच्या बटणाने चालते, पण तिथल्या बटणाने नाही? संशय त्या स्विचवर. आतून मोटरचा आवाज येतो, पण काच हलत नाही? मोटर बहुधा ठीक आहे. रेग्युलेटरची केबल तुटली असेल किंवा काच पकडणारा क्लॅम्प सुटला असेल. अजिबात आवाज नसेल तर स्विच, मोटर किंवा दार उघड-बंद होऊन बिजागरीपाशी तुटलेली वायर. आणि काच रखडत वर जात असेल तर कडेच्या रबरात धूळ बसलेली असू शकते. रबर पुसून सिलिकॉन स्प्रे मारा. इंजिन ऑइल मात्र नको, त्याने रबर फुगतं.

एवढं कळलं की गॅरेजमधलं बोलणंच बदलतं. 'पूर्ण सेट बदलावा लागेल' असं ऐकून मान डोलावण्याऐवजी 'मोटर फिरतेय, नुसता रेग्युलेटर मिळेल का?' असं विचारता येतं. हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे मोठी लढाई आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. ठपका हा, की अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजना सहज मिळू दिली जात नाही. प्रकरण पुढे अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यातही वाहनं आहेत. पण सुटा भाग मिळण्याचा हक्क मिळाला तरी कोणता भाग मागायचा हेच माहीत नसेल, तर त्या हक्काचं करायचं काय?

याचा अर्थ उद्याच पाना घेऊन दारावर तुटून पडा असा नाही. गाडी वॉरंटीत असेल तर हात लावू नका. काही गाड्यांच्या दारात साइड एअरबॅगचा सेन्सर असतो, तिथे माहितगाराशिवाय काम नको. दार उघडायचंच ठरलं तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, काच वर टेपने घट्ट बांधा, बोटं सांभाळा. आतलं प्लास्टिकचं आवरण परत नीट चिकटवा, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी गाडीत.

आणि हे करून बघितलं की आणखी एक गोष्ट घडते. अरुंद जागेत हात घालून, न बघता बोल्ट शोधणाऱ्या मेकॅनिकबद्दल आदर वाटू लागतो. 'आयटीआयवाला' हा शब्द मग हलक्यात तोंडातून निघत नाही. कळंबोलीत ट्रक दुरुस्त करणारी आपल्याच वयाची पोरं काय जाणतात, ते थोडंफार समजतं.

तेव्हा येत्या रविवारी एवढंच करा. घरच्यांना विचारून डॅशबोर्डच्या कप्प्यातलं मॅन्युअल बाहेर काढा, पार्किंगमध्ये जा आणि फ्यूज बॉक्स कुठे आहे ते शोधा. गाडी नसेल तर शेजारच्या काकांची आहेच की!