सावध, हुशार, सतर्क

शाळेच्या मैदानावर कवायतीच्या वेळीं 'सावधान' असा हुकूम होतांच शेंदोनशें मुलें ताठ उभीं राहतात. टाचेस टाच लागते, हात मांड्यांस चिकटतात, नजर समोर खिळते. त्या क्षणीं मनांत काय चाललें आहे असें त्यांस विचारलें, तर 'विश्राम' केव्हां होतो याची वाट पाहत आहों, असेंच बहुतेक सांगतील. वस्तुतः अवधान म्हणजे लक्ष, आणि ज्याचें लक्ष आहे तो सावधान. शरीर ताठ केल्यानें लक्ष येत असतें, तर मंडपाच्या खांबाइतका सावध दुसरा कोणी नसता.

लग्नमंडपांतही हीच गत. 'शुभमंगल सावधान' हे शब्द निघतांच सारे जण अक्षता टाकण्यास हात उगारतात. सावध मात्र कोणी होत नाहीं. जांब गांवच्या नारायण ठोसर नांवाच्या बारा वर्षांच्या मुलानें तो शब्द खराच मानला, तो मंडपांतून निघून गेला, आणि पुढें समर्थ रामदास झाला, अशी कथा परंपरेनें सांगतात. त्यांच्या दासबोधांत हरिकथानिरूपण व राजकारण यांच्या पाठोपाठ तिसरें स्थान सावधपणास दिलेलें आहे. लग्न सोडून पळावें असें माझें मुळींच म्हणणें नाहीं. सर्वांच्या कानांवरून जाणारा शब्द एकानें तरी ऐकला, एवढेंच या कथेंत मला घेण्यासारखें वाटतें.

आपल्या घरगुती मराठींत या शब्दांचे जुने अर्थ अद्याप जिवंत आहेत. घेरी येऊन पडलेला मनुष्य डोळे उघडतो, तेव्हां 'तो सावध झाला' असें आपण म्हणतों. तापांतून उठलेली आजी पेज पिऊन म्हणते, 'आज जरा हुशारी वाटते.' तिनें कांहीं परीक्षा दिलेली नसते! हुशार हा शब्द फारसींतून आला. होश, म्हणजे शुद्ध, ज्यास आहे तो हुशार. दोन्ही शब्दांच्या मुळाशीं एकच गोष्ट आहे: शुद्धीवर असणें, भोवतीं काय चाललें आहे तें कळणें.

असें असतां आपण शाळेंत या शब्दाचें काय केलें? पालक भेटीस आले म्हणजे विचारतात, 'गुरुजी, आमचा मुलगा हुशार आहे ना?' आणि उत्तराची वाट न पाहतां गुणपत्रकाकडे हात पुढें करतात. शंभरांत नव्वद मिळाले तर हुशार. पस्तीस मिळाले तर ढ. शेजारच्या बांकावरील सोबत्यास फळ्यावरचें नीट दिसत नाहीं, तो डोळे बारीक करतो, हें ज्या मुलाच्या ध्यानांत येतें त्याला, किंवा पाण्याच्या टाकीचें झांकण उघडें राहिलें हें कोणी न सांगतां जी मुलगी पाहते तिला, हा शब्द आपण देत नाहीं. शब्दाचे मूळ मालक तर तींच मुलें आहेत. मला ही एक प्रकारची चोरी वाटते. 'तूं हुशार नाहींस' हें तीं इतक्या वेळां ऐकतात कीं, अखेर पाहणेंच सोडून देतात.

'खबरदार' या शब्दाची दशा तर याहून वाईट. ज्याच्यापाशीं खबर आहे तो खबरदार. आपण त्याची निव्वळ धमकी करून टाकली. 'खबरदार, पुन्हां विचारशील तर!' असें आपण मुलांस दरडावतों. म्हणजे खबर घेण्याची मनाई करावयास शब्द मात्र खबरेचाच!

सावध असणें म्हणजे झोंप न घेणें, असाही एक समज आहे. ज्वारीच्या राखणीसाठीं माळ्यावर जागलीला गेलेला शेतकरी रात्रभर डोळे ताणून बसत नाहीं. तो डुलकी घेतो. पण रानडुकराच्या पहिल्या चाहुलीनें उठतो, कारण त्याचें चित्त पिकांत असतें. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील दहा कुमारींचा दृष्टांत मुलांनीं पुष्कळदां ऐकला आहे. पांच मूर्ख झोंपल्या व पांच शहाण्या जाग्या राहिल्या, असें कित्येक जण सांगतात. पुस्तक उघडून पाहावें. वराला उशीर लागला तेव्हां दहाही जणी पेंगल्या व झोंपीं गेल्या. भेद झोंपेचा नव्हता, तेलाचा होता.

आपल्या नगर शहराचाच दाखला घ्या. इ. स. १५९५ च्या अखेरीस शाहजादा मुराद याच्या मोगल फौजेनें येथील किल्ल्यास वेढा दिला. तटाखालीं सुरुंग खणले आहेत ही बातमी आंत पोंचली, तेव्हां चांदबिबी हातपाय गाळून बसली नाहीं. तिनें आंतून खणून सुरुंग शोधण्यास माणसें लावलीं व सांपडलेल्या सुरुंगांतील दारू काढविली. एक मात्र हातीं लागण्यापूर्वींच उडाला व तटास भगदाड पडलें. तेव्हां ती तरवार घेऊन स्वतः तेथें उभी राहिली, हल्ला परतविला, आणि रात्रींतून भगदाड बुजविलें. पुढें १६०० सालीं पुन्हां वेढा पडला. ती शत्रूस मिळाली आहे असा संशय घेऊन किल्ल्यांतल्याच लोकांनीं तिचा वध केला, आणि थोड्याच दिवसांत किल्ला मोगलांच्या हातीं गेला. तिला मारणारे स्वतःस मोठे सावध समजत असतील, यांत मला शंका नाहीं. 'कोणावर विश्वास ठेवूं नकोस' एवढेंच आपल्या मुलांस शिकविणाऱ्या आईबापांनीं हा दुसरा वेढाही वाचावा. दूरध्वनीवरील अनोळखी मनुष्यास बँकेचा गुप्त आंकडा न सांगणें ही सावधगिरी खरी. परंतु शेजाऱ्याच्या हांकेसही दार न उघडणें याला दुसरें नांव आहे.

हल्लीं वर्तमानपत्रांत 'सतर्क' हा शब्द फार येतो. भंडारदरा व निळवंडे भरून पाणी सुटलें कीं प्रवरेकांठच्या गांवांस सतर्कतेचा इशारा मिळतो. उसांत बिबट्या दिसला कीं पुन्हां तोच शब्द. शब्द वाईट नाहीं, त्यांत तर्क आहे. परंतु नदीकांठच्या घरांत नुसतें 'सतर्क राहा' म्हणून काय होणार? जनावरें कोठें न्यावयाचीं, धान्य कोणत्या फळीवर चढवावयाचें, म्हातारीस कोण उचलणार, हें ठरलें पाहिजे. ज्या गांवीं विजेची पाळी रात्रीची असते, तेथील मुलें बापाबरोबर उसाचीं दारें धरण्यास जातात. अंधारांत मोठ्यानें बोलत चालावें, उसाच्या कडेला एकट्यानें वांकून बसूं नये, हें त्यांस पाठ असतें. त्यांपैकीं कांहीं सकाळीं पहिल्या तासाला वर्गांत पेंगतात. त्यांच्यावर 'सावधान' म्हणून ओरडण्यापूर्वीं, काल वीज किती वाजतां आली होती, एवढें मी विचारून घेतों.