गाठ काढली; पुढे कोण पाहणार?

अंडाशयातली गाठ काढून घेण्यासाठी परमुलखात जाणे ही विमानयुगाने काढलेली टूम नव्हे. ही शस्त्रक्रियाच मुळी एका प्रवासाच्या शेवटी जन्माला आली. डिसेंबर १८०९ मध्ये अमेरिकेच्या केंटकी राज्यातली जेन टॉड क्रॉफर्ड, जिला भोवतालचे वैद्य दिवस उलटून गेलेली गर्भारीण समजत होते, पोटाचा भार खोगिराच्या पुढच्या उंचवट्यावर टेकवत ऐन थंडीत सुमारे शंभर किलोमीटर घोड्यावरून डॅनव्हिलला पोहोचली. वैद्यकात भूल यायला अजून ३७ वर्षे होती. तिथले शल्यवैद्य एफ्राइम मॅकडॉवेल यांनी २५ मिनिटांत साडेबावीस पौंडांची गाठ बाहेर काढली, आणि खोगीर रुतून पोटावर उमटलेला काळानिळा डागही आपल्या वृत्तांतात नोंदवून ठेवला. बाई १८४२ पर्यंत जगली. इतिहासकार त्या २५ मिनिटांत रमतात. पण ती घरी परतली २५ दिवसांनी, आणि या दिवसांकडे सहसा कोणी वळून पाहत नाही.

पुढे लंडनचे स्पेन्सर वेल्स यांनी अशा हजाराहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. त्यांचा खरा मोठेपणा हातापेक्षा वहीत होता: दगावलेल्या रुग्णांसह प्रत्येक नोंद त्यांनी छापून जगापुढे ठेवली. मात्र हात सरावला की सुरीला निमित्तेही भराभर सापडू लागतात. १८७२ पासून अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या रॉबर्ट बॅटी यांच्या नावाने जी लाट उसळली, तिच्यात पाळीच्या त्रासापासून उन्मादापर्यंत कशासाठीही धडधाकट अंडाशये काढली गेली, आणि ती ओसरेपर्यंत असंख्य स्त्रिया त्याची किंमत मोजून बसल्या होत्या. आपण यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशये किरकोळ तक्रारींवरून काढली गेल्याचा बोभाटा २०१९ मध्ये झाला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली, तेव्हा बॅटींचे नावही कोणाला आठवले नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्राने मात्र या प्रवासाची दिशाच फिरवली होती. रुग्णाने समुद्र ओलांडण्याऐवजी वैद्यक शिकण्यासाठी आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाला आणि मागाहून रखमाबाई लंडनला गेल्या. पुरुष डॉक्टरपुढे दुखणे उघड न करणाऱ्या बाईला आपल्याच गावात उपचार मिळावेत, हा त्यामागचा हेतू. मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ मध्ये उभे राहिले ते याच विचाराने.

नंतर जर्मनीतल्या कील येथील कुर्ट झेम यांच्यासारख्यांनी दुर्बिणीची शस्त्रक्रिया रुळवली, टाके दोन-चारांवर आले, मुक्काम आठवड्यांवरून दिवसांवर आला, आणि १९९७ च्या आर्थिक संकटात गिऱ्हाईक गमावलेल्या बँकॉकच्या खासगी रुग्णालयांनी परदेशी रुग्णांकडे मोर्चा वळवला. भारतही त्या वाटेने गेला. ढाक्याची बाई बरोबरच्या नातेवाइकासह मेडिकल व्हिसावर कोलकात्याला किंवा चेन्नईला येते, कारण घराजवळच्या डॉक्टरवर तिचा विश्वास नसतो, किंवा तिथे ती सोय नसते; क्रॉफर्डबाईचे कारण याहून निराळे नव्हते.

निराळे आहे ते पुढचे. पाळीच्या चक्रातून होणाऱ्या साध्या पाण्याच्या गाठी बहुधा दोन-तीन महिन्यांत आपोआप विरतात, त्यांना वाट पाहणे हाच उपचार. पण तिकीट काढून, ठरलेल्या रकमेचे पॅकेज घेऊन आलेल्या बाईला ‘थांबा, पुन्हा सोनोग्राफी करू’ असे सांगण्यात दोन्हीकडच्यांना संकोच वाटतो. चॉकलेट सिस्ट, म्हणजे एंडोमेट्रिओसिसमुळे झालेली जुन्या रक्ताची गाठ, काढताना निरोगी बीजांडेही थोडीफार जातात, आणि गाठ पुन्हा उद्भवू शकते. काढलेल्या गाठीच्या तपासणीचा अहवाल येतो तेव्हा रुग्ण अनेकदा सीमेपलीकडे गेलेली असते. शस्त्रक्रियेपाठोपाठ लांबचा विमानप्रवास केल्यास पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, तो निराळाच.

आणि व्हिसा ही राजकारणाची बटीक. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तांतर झाले, भारताने व्हिसांवर हात आखडला, आणि मार्च २०२५ मध्ये बांगलादेशी रुग्णांची पहिली तुकडी चीनच्या कुनमिंगला रवाना झाली. नव्या रुग्णांना नवी वाट मिळाली. पण ज्यांची गाठ त्याआधीच भारतात निघाली होती आणि फेरतपासणीची तारीख ऑगस्टनंतरची होती, त्यांचे कागद एका देशात आणि पोट दुसऱ्या देशात राहिले. रुग्णालयांच्या जाहिरातींत परदेशी रुग्णांचे आकडे ठळक असतात. सहा महिन्यांनी त्यांतल्या किती जणी बऱ्या आहेत, हा वेल्स यांनी दीडशे वर्षांपूर्वी छापलेला रकाना तिथे सहसा दिसत नाही.