हुन्नर हेरणे पुरेसे नाही

गरीब घरातील मुलाच्या बोटांत कला दिसली की तिला ईश्वरी देणगी म्हणण्याची प्रथा जुनी आहे. ती सोयीचीही आहे. देणगी ईश्वराने दिली म्हटल्यावर समाजाने काही द्यावयाचे उरतच नाही! वस्तुतः प्रश्न आहे तो कागदाचा, रंगांचा, दोन वेळच्या अन्नाचा आणि शिकण्यास लागणाऱ्या निर्वेध वर्षांचा.

रामकिंकर बैज यांचे उदाहरण पाहावे. १९०६ साली बंगालमधील बांकुडा येथे एका निर्धन कुटुंबात ते जन्मले. मूर्तिकारांच्या सहवासात त्यांचा हात वळला. असहकार चळवळीच्या काळात या किशोराने पुढाऱ्यांची चित्रे रंगविली. मूळचे बांकुड्याचेच असलेले संपादक रामानंद चट्टोपाध्याय यांनी त्यांचे गुण ओळखले आणि १९२५ साली त्यांना शांतिनिकेतनात नेले. तेथे नंदलाल बोस हे गुरू लाभले व पुढे अध्यापनाचे कामही मिळाले. हेरणारा, शिकविणारा आणि पोटाची तरतूद करणारी संस्था हे तिन्ही दुवे जुळले, म्हणूनच १९३८ साली सिमेंट आणि जांभ्या खडीतून ‘संथाळ कुटुंब’ हे शिल्प उभे राहिले. कावडीत मूल घेऊन निघालेल्या कष्टकऱ्यांना त्यात प्रथमच स्मारकाची उंची लाभली.

दुसरे उदाहरण याहून विदारक आहे. मध्य प्रदेशातील पाटणगढचे जनगढसिंह श्याम हे परधान गोंड समाजातील, शाळा सुटलेले तरुण. भोपाळच्या भारत भवनासाठी जे. स्वामिनाथन यांनी पाठविलेल्या पथकाला १९८१ साली त्यांची भित्तिचित्रे दिसली. भोपाळला काम मिळाले. १९८९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. परंतु २००१ साली जपानमधील एका संग्रहालयात काम करीत असताना त्यांनी जीवन संपविले. कलावंताचा करार, मोबदला आणि परदेशातील एकाकीपणा यांविषयीचे प्रश्न तेव्हा पुढे आले. कीर्ती जगभर पोहोचली, संरक्षण मात्र सोबत गेले नाही.

तरीही जनगढ यांनी एक मोठे काम करून ठेवले. आपल्या भोपाळच्या घरी त्यांनी नात्यातल्या मुलांना हाताशी धरून शिकविले. त्यांपैकी भज्जू श्याम हे पूर्वी रात्रपाळीची राखणदारी करीत. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. वंचितांचा खरा मार्गदर्शक वंचितांतूनच निर्माण होऊ शकतो, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

म्हणून बक्षीस समारंभ आणि एक दिवसाचे शिबिर यांवर समाधान मानणे योग्य नव्हे. कामगार वस्तीतील वाचनालयात आठवड्यातून ठरलेल्या दिवशी चित्रशाळा भरावी. साहित्याचा खर्च सर्वांनी मिळून उचलावा. शिकविण्यास स्थानिक चित्रकार, कुंभार, फलक रंगविणारे कारागीर यांना मानधन देऊन बोलवावे. चित्र विकले गेल्यास किंमत कोणी ठरविली, करारात काय लिहिले आहे, हे वाचण्यासही मुलांना शिकवावे. सरकारी शाळांतील कलाशिक्षकांची रिक्त पदे भरण्याची मागणी याच कार्याचा भाग होय.

मुलाला आश्रयदाता नको, हक्क हवा. जो हात वीट उचलतो त्याच हाती कुंचला टिकून राहावा, ही जबाबदारी दैवाची नसून समाजाची आहे.